टाक्यावरची फळी

माझा अभ्यास एका लाकडी फळीवर सुरू झाला, आणि ती फळी पाण्याच्या टाक्यावर टाकलेली असे.

आम्ही विणकर. नागपुरात इतवारीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली होती. जवळजवळ प्रत्येक घरात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या अंगणात सिमेंटचं एक टाकं. त्या टाक्यात सुताच्या लड्या भिजत घालायच्या, मग त्यांना भाताच्या पेजेसारखी खळ द्यायची, म्हणजे मागावर सूत तुटत नाही. नळाला पाणी यायचं तेव्हा यायचं, नाही तेव्हा नाही. त्यामुळे लड्या बाहेर काढल्या तरी टाकं कुणी रिकामं करत नसे. उरलेल्या पाण्यात थोडं नवं पाणी घातलं की पुढच्या सुताची सोय झाली.

या टाक्यांना एकाच माणसाची भीती होती. त्याला गल्लीत 'तेलवाले साहेब' म्हणत. खाकी कपडे, सायकल, हँडलला लटकवलेला डबा. कुठं साठलेलं पाणी दिसलं की त्यावर तो डबा कलता करायचा आणि काळपट तेलाचा तवंग पसरायचा. डासांच्या अळ्या त्यानं मरतात हे खरंच होतं आणि तो त्याचं काम करत होता. पण टाक्यात सूत असलं तर तेही हातचं गेलं. तेल लागलेलं सूत ना खळ धरत ना रंग.

म्हणून तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की पहिल्या घरातली काकी थाळी वाजवायची. मग एकच धांदल. कुणी टाक्यावर गोवऱ्या रचायचं, कुणी खाट टाकून त्यावर धडधाकट सासूला आजारी म्हणून निजवायचं. आमच्या घरी टाक्यावर फळी, फळीवर गोधडी, गोधडीवर मी आणि माझ्या हातात पुस्तक.

"वाच वं, मोठ्यानं वाच," माय दारातूनच सांगायची.

मी जे हाताला लागेल ते वाचायची. तेलवाले साहेब अंगणात डोकावायचे, क्षणभर माझ्याकडे पाहायचे आणि परत फिरायचे. पुढं ही बातमी दोन गल्ल्या पलीकडेही गेली, की विणकराची एक पोरगी सदानकदा अभ्यास करून राहते. मी मॅट्रिक झाले तेव्हा माझं नाव इतकं झालं होतं की बाबांना मला कॉलेजात न पाठवणं अवघडच झालं. त्या नावातला खरा अभ्यास किती आणि टाकं झाकणं किती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

सत्तरच्या दशकात मी अर्थशास्त्रात एम. ए. करत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं, त्यामुळे मी प्रत्येक पायरी जरा दबकतच चढायची. एक दिवस फळ्यावर सूचना लागली. मेडिकलच्या एक मॅडम वेगवेगळ्या विषयांच्या विद्यार्थ्यांचा गट करणार होत्या. हिवताप गेला गेला म्हणता जगभर परत येऊ लागला होता आणि त्याचा अभ्यास फक्त डॉक्टरांनी करून भागणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तर त्यांनीच आतून हाक मारली.

"विषय कोणता?"

"अर्थशास्त्र."

"मग डासाचा आणि तुझा काय संबंध?"

मी येताना उत्तराची तयारी केली होती, ती सगळी पुसली गेली. जे खरं होतं तेवढंच तोंडून निघालं. "पोळा झाला की आमच्या घरी गोधड्या बाहेर निघतात. बाबांना थंडी वाजून ताप आला की माग बंद. माग बंद झाला की सगळंच बंद."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी कुठं राहते, काय विणतात, पाणी कुठून येतं, असं बरंच विचारलं. शेवटी म्हणाल्या, "आम्हाला अशीच एक वस्ती हवी आहे. तुमची गल्ली अभ्यासाला मिळेल?"

मी हो म्हणून टाकलं. गल्लीला विचारलं नव्हतं.

गटात आम्ही तिघं विद्यार्थी होतो. एक मेडिकलचा मुलगा, उंच आणि सतत थट्टा करणारा. एक भूगोलाचा, त्याच्या काखेत कायम नकाशाची गुंडाळी. आणि मी, जी बैठक संपताना बोलायला तोंड उघडायची. पहिल्याच बैठकीत भूगोलवाल्यानं टेबलावर जगाचा नकाशा पसरला आणि मॅडमनी हिवतापाचा पट्टा बोटानं दाखवला. आफ्रिका, आपण, पुढं पूर्वेकडचे देश, समुद्रापलीकडं दक्षिण अमेरिका. कुठं भातशेतीचं पाणी, कुठं नवं धरण, कुठं कामासाठी हिंडणारे मजूर. प्रत्येक ठिकाणी ताप एकच, पण त्यामागची गोष्ट निराळी. ती गोष्ट कळायला डॉक्टर पुरत नाही, असं त्या म्हणाल्या.

"यात नागपूर कुठं आहे रे?" मेडिकलवाल्यानं विचारलं. "साधा ठिपका पण नाही तुझ्या नकाशात."

"देशाच्या मधोमध आहे. ठिपक्याची गरजच काय?" भूगोलवाला म्हणाला.

मी मात्र त्या पट्ट्याकडे बघत होते. तो आमच्या गल्लीवरून जात होता. तापाच्या पट्ट्यात असण्याचा अभिमान वाटणं बरोबर नाही, पण मला थोडा वाटला.

पाहणीचा शनिवार ठरला. मी घरी सांगितलं.

"माय, शनिवारी कॉलेजची मान्सं येऊन राहिली आपल्या गल्लीत. मॅडम पन येतीन."

"काहून?"

"टाकी पाहायले. डास किती हायेत ते पाहायले."

माय चूल फुंकता फुंकता थांबली. "म्हंजे तुही परीक्षा हाय का?"

"तसंच समज," मी म्हणाले आणि वाचायला बसले.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. शनिवारी सकाळी आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा मलाच गल्ली ओळखू येईना. दारोदार सडा आणि रांगोळी. नाल्या घासलेल्या. घराघरातून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. आणि टाकी! एकूण एक टाकं उपसलेलं, राखेनं घासलेलं, आतून कोरडं खडखडीत. अर्धवट भिजलेल्या लड्या दोऱ्यांवर टांगलेल्या. मेडिकलवाल्याकडे पाणी काढून बघायची लांब दांड्याची पांढरी पळी होती. तो एकेका टाक्यात वाकायचा, आत टॉर्च मारायचा आणि रिकामी पळी घेऊन सरळ व्हायचा. बायका पदर सावरून आपापल्या टाक्याशी उभ्या होत्या, जसं काही बक्षीस मिळणार आहे.

"मारबत या वर्षी खरंच सगळं घेऊन गेलेली दिसते," तो हळूच म्हणाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घेऊन जा म्हणून ओरडत मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेतात, त्याला जेमतेम आठवडा झाला होता.

थाळीवाल्या काकीनं मॅडमना गाठलंच. "पाहून घ्या जी बाई, नीट पाहून घ्या. एक किडा सापडाचा नाही. झाली ना पास आमची पोरगी?"

"झाली, झाली," मॅडम हसून म्हणाल्या.

गल्लीबाहेरच्या टपरीवर आम्ही तर्री-पोहे घेतले. मॅडमनी चहाचा घोट घेतला आणि सहज म्हणाल्या, "छान ठेवली आहे वस्ती. पण आपल्या उपयोगाची नाही. कामठी रोडकडे एक बघून ठेवली आहे, ती घेऊ." मग माझ्याकडे वळून, "तुला तिकडे लांब पडेल आणि ओळखही नसेल. तू आपली चर्चेला येत जा."

त्या प्रेमानंच म्हणाल्या. पण मला अर्थ कळला. मला गल्लीमुळे घेतलं होतं. गल्ली गेली की मी गेले. आणि पुढच्या पोळ्यानंतर गोधड्या पुन्हा निघणार होत्या त्या निघणारच होत्या.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मी म्हणाले, "मॅडम, ते खरं नव्हतं."

"काय खरं नव्हतं?"

"टाकी. ती अशी कधीच नसतात. ते सगळं त्यांनी माझ्यासाठी केलं. मी पास व्हावी म्हणून."

मेडिकलवाल्याला इतकं हसू आलं की त्याची बशी कलंडली. "म्हणजे आपण पाहुणे म्हणून गेलो आणि यांनी घरातले डास आधी बाहेर काढले!"

मॅडमनाही हसू आवरेना. "मग पुढच्या वेळी न सांगता येऊ."

"नको," मी एकदम म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. "न सांगता तेलवाले साहेब येतात."

"ते कोण?"

मग मी थाळीची, खाटेवरच्या सासूची आणि फळीची गोष्ट सांगितली. कॉलेजात कुणाला ती पहिल्यांदाच सांगत होते. वाटलं होतं हसतील. हसलेही. पण मग भूगोलवाल्यानं विचारलं, गल्लीच्या कोणत्या टोकाला नळाचं पाणी कमी येतं. मॅडमनी विचारलं, सूत भिजतं किती वेळ आणि त्यानंतर पाण्याचं काय होतं. मी सांगितलं की सूत निघतं, पाणी तसंच राहतं. प्रत्येकाचं सूत वेगळ्या दुकानातून वेगळ्या वारी येतं, त्यामुळे एकाचं टाकं जरा उपसलं तर शेजाऱ्याचं भरलेलं असतं. मेडिकलवाल्याचं हसणं थांबलं. "अंड्यापासून डास व्हायला आठवडा, जरा जास्त. पाणी त्याहून जास्त राहतं. मजा आहे डासांची. या अंगणातून त्या अंगणात."

त्या टपरीवर पहिल्यांदा मला वाटलं, की माझ्या विषयाला इथं बसायला जागा आहे.

मॅडम म्हणाल्या, "सांगून येऊ, महिन्याभरानं. तोवर टाकी रोजच्यासारखी होऊ देत. पण त्यांना काही लपवू नका, घासू नका, एवढं तू पटवायचं. जमेल?"

"जमवते," मी म्हणाले. जमेल असं अजिबात वाटत नव्हतं.

आणि आठवडा झाला तरी माय ऐकेना.

"पाहुण्याईले घाण दाखवू का मी? लोक का म्हन्तीन? एवढी शिकलेली पोरगी अन् टाक्यात किडे!"

"पन रोज असतेतच ना."

"रोज असतेत ते आपल्याले माहीत. चार लोकाईले काहून दाखवाचे? अन् पळीवाले आज आले, उद्या मांगून डबेवाला आला तं? सुताले तेल लागलं तं तुह्या मॅडम भरून देतीन का?"

तेलाबद्दल मी मॅडमना आधीच विचारलं होतं. "तेल कोनी टाकनार नाही. फक्त पळीभर पानी काढून पाहातेत अन् परत टाकतेत."

"तरी बी घाण ते घाणच."

तेव्हा मला मेडिकलवाल्याचं एक बोलणं आठवलं. "माय, हिवतापाचा डास घाणीत नाही राहत. घाणीतले डास वेगळे. याले साठवलेलं स्वच्छ पानी लागते. तुह्या टाक्यात तो हाय, म्हंजे तुहं पानी चांगलं हाय."

माय माझ्याकडे बघत राहिली. मी थापा मारतेय का, हे ती तपासत होती. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू निराळाच भाव आला.

"असं? मंग काकीच्या टाक्यात नसतीन."

पुढच्या खोलीत मागाचा खटखट आवाज थांबला. बाबा फारसे बोलत नसत. तिथूनच म्हणाले, "एक सांगू का वं? तुमी टाके घासले तवापासून डास चावून नाही राहिले. मी रोज संध्याकायी पाय आपटत बसतो, या आठवड्यात नाही आपटले."

मी उठून पुढच्या खोलीत आले. बाबांच्या पायांकडे बघितलं, जसं काही तिथं काही लिहिलं असेल. आम्ही शनिवारचं शून्य वाया गेलं म्हणून सोडून दिलं होतं. ते वाया गेलं नव्हतं. अख्ख्या गल्लीनं एकाच दिवशी टाकी कोरडी केली होती आणि त्यातून काय होतं ते बाबांच्या पायांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी हे सांगायला मी मॅडमच्या खोलीत न थबकता शिरले. तसं त्याआधी कधी झालं नव्हतं.

ठरल्या दिवशी आम्ही परत गेलो. या वेळी रांगोळी नव्हती, पण बायका होत्याच. आमच्या अंगणात टाक्यावर सवयीनं फळी टाकलेली होती. माय तिच्यापाशी उभी राहिली. समोर मॅडम, गटातली दोन मुलं आणि मागं डोकावणाऱ्या शेजारणी. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मागं फिरते. पण तिनं दोन्ही हातांनी फळी उचलली आणि भिंतीला टेकवली.

"पाहा," ती मॅडमना म्हणाली. "पोरीसाठी दाखवून राहिली. नाहीतर दाखवली नसती."

मेडिकलवाल्यानं पळी बुडवली. वर आली तेव्हा पांढऱ्या पळीत बारीक अळ्या उलट्यासुलट्या नाचत होत्या. मायनं वाकून पाहिलं. इतकी वर्षं ज्या पाण्यात तिनं हात घातला त्यात काय होतं हे इतक्या जवळून तिनं कधी पाहिलं नव्हतं. "बाप्पा," ती म्हणाली, "हे उडतेत मंग?"

"उडतात आणि येऊन चावतात," मॅडम म्हणाल्या.

तोवर काकीला धीर निघेना. "माह्याकडे चला ना जी! इथंच का बसून राहिले?" तिच्या टाक्यातल्या पळीत आमच्या दुप्पट अळ्या निघाल्या. तिनं पळी सगळ्यांना फिरवून दाखवली आणि मायकडे बघून म्हणाली, "पाह्यलं? माहं पानी तुह्यापेक्षा सोच्छ!"

माय काही कमी नव्हती. "तू टाकंच घासत नसशीन म्हून."

"तूच सांगतलं ना परवा, चांगल्या पान्यात होते म्हून? आता काहून फिरली?"

मॅडम भिंतीला टेकून हसत होत्या. भूगोलवाला नकाशावर खुणा करत होता आणि प्रत्येक बाई आपल्या घराची खूण मोठी आहे ना, हे वाकून बघत होती.

त्यानंतरचं काम मात्र सावकाश झालं. सगळ्यांनी आठवड्यातून एकाच वारी टाकी कोरडी करायची, तर सगळ्यांचं सूतही एकाच वारी यायला हवं. हे मी बैठक संपायची वाट न बघता मांडलं. बाबा आणि गल्लीतले चार जण इतवारीतल्या सुताच्या दुकानांत बोलायला गेले. एक दुकानदार लगेच कबूल झाला. रोजची ये-जा वाचत होती, त्यालाही ते बरंच होतं. दुसऱ्यानं ऐकलं नाही. त्यामुळे गल्ली निम्मी कोरडी व्हायची, निम्मी नाही. पाणी आलं नाही की तो वारही चुकायचा. डास गेले नाहीत. पण पुढच्या वर्षी पोळ्यानंतर आमच्या घरात एकच गोधडी निघाली, आणि बाबांचा माग फार दिवस बंद राहिला नाही. आमच्या अहवालात एक भाग मला लिहायला मिळाला. डॉक्टरी शब्दांच्या मध्येच सूत, खळ आणि दुकानाचा वार आलेला बघून मला फार बरं वाटलं.

मी शेवटच्या परीक्षेच्या तयारीत असताना तेलवाले साहेब एकदा आले. मी तेव्हा कॉलेजात होते; काय झालं ते मला मायनं संध्याकाळी सांगितलं. त्या दिवशी काकीनं थाळी वाजवली नाही. वार टाकी कोरडी करायचा होता. साहेबांनी आमच्या अंगणात डोकावून कोरडं टाकं पाहिलं, भिंतीला टेकवलेली फळी पाहिली आणि विचारलं, "अन् ती पोरगी कुठं गेली? फळीवर बसून वाचाची ती?"

माय चपापली. "तुमाले माहीत होतं का जी?"

"माहीत नसन का? फळीखालचं पानी दिसत होतं ना." ते म्हणाले. "पन वाचत असन तं उठवाव कसं?"

"मंग तुमी का म्हनलं?" मी मायला विचारलं.

"का म्हनीन? चहा केला," माय म्हणाली. "अन् सांगतलं, ती आता खुर्चीवर बसून वाचते."